ओली वात

"करा दरसाली बारीकच होऊन राह्यलाय. आमच्या मामंजीला जित्तेपणी तांब्याभर पाणी पुरत नव्हतं, ह्या बोळक्यात त्यांचं नरडं तरी ओलं व्हईल का?"

अरुंधतीच्या खांद्याला खांदा लावून उकिडवी बसलेली बाई हे तसं कुणालाच म्हणाली नव्हती. हातातलं मडकं उन्हाकडे धरून ती त्याच्या पोटात एक डोळा घालून बघत होती, जणू मामंजी आत बसलेच आहेत आणि त्यांना जागा पुरते की नाही एवढंच ठरायचं आहे. मडकी विकणाऱ्या तुळजाबाईनं वर न बघता सांगितलं की मंग मामंजीला तोटीचा माठच न्या, म्हंजे रात्री उठून त्यांचं ते घेतील. आजूबाजूच्या चार बायका हसल्या. अरुंधतीही हसली. आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मडक्यांच्या ढिगापाशी बसून गेलेल्या माणसांच्या तहानेवर हसणं तिला दरवर्षी बरं वाटायचं. त्यात मेल्यासारखं कुणी वाटत नसे. सगळे जरा गावाला गेलेत आणि पाण्यापुरते येणार आहेत, असं वाटे. तुळजाबाईनं तिला ओळखलं आणि न विचारता नेहमीची जोडी पुढ्यात ठेवली. एक करा, घरातल्या सगळ्या जुन्या पुरुषांचा मिळून. एक केळी, बायकांच्या नावाची धाकटी घागर, सासूबाईंची. अरुंधतीनं रात्रीपासून एक वाक्य तोंडात घोळवून आणलं होतं. यंदा एक करा जास्तीचा द्या. एवढंच. कुणाचा, हे तुळजाबाई विचारणार नव्हती. जास्तीचा करा मागणाऱ्या बाईला ते विचारायचं नसतं, नुसतं मडकं जरा बघून, डाग नसलेलं द्यायचं असतं. पण वाक्य ओठांशी यायच्या आत तुळजाबाईच बोलली. यंदा साहेब न्हाई आले का? त्यांच्याबिगर मडकं वाजवून घ्यायला कुणी न्हाई बघा. आणि अरुंधतीच्या तोंडून आलं, "ड्युटीवर आहेत."

तुळजाबाईनं मान हलवली. सणाच्या दिवशी बी ड्युटी, एसटीचं काही खरं नाही, असं काहीतरी पुटपुटली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. अरुंधती जोडी पिशवीत घालून उठली. गुडघे वाजले. डोळ्यांपुढे क्षणभर पांढरं झालं, मग हळूहळू त्यात रस्ता उमटला, रस्त्यावर टरबुजांचा ढीग, ढिगाच्या सावलीत जीभ काढून पडलेलं कुत्रं. सकाळ म्हणावी असं बाहेर आता काही उरलंच नव्हतं. अलीकडे ऊन उगवतानाच दुपारचं होऊन येई. पदराखाली मानेवरून घामाची एक धार पाठीत उतरली आणि त्याच वेळी पोटातून दुसरी एक ऊब वर चढली, गालांपर्यंत. ही तिची स्वतःची होती. पन्नाशीच्या बाईला निसर्ग जी एक चूल आत पेटवून देतो, ती बाहेरच्या उन्हाशी जरासुद्धा सल्लामसलत करत नाही. पूर्वी हे असं झालं की तिचा नवरा, वसंता, वर्तमानपत्राची घडी करून तिच्यापुढे धरून वारा घालायचा आणि बसस्थानकावरच्या आवाजात म्हणायचा, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अरुंधतीबाईंची गाडी गरम झाली आहे. ती चिडायची. आता ती भर रस्त्यात उभी होती, गाडी गरम झाली होती, आणि कुणी काही जाहीर करत नव्हतं.

ड्युटीवर आहेत. घराबाहेर हे ती पहिल्यांदा बोलली होती. घरात रोज बोलायची. घरात त्याला कारण होतं, आणि ते कारण आत्ता ओसरीवर खुर्चीत बसून तिची वाट बघत असणार: ब्याऐंशी वर्षांचे भालचंद्र, तिचे सासरे. गेल्या वैशाखात त्यांनी आपल्या हातानं मुलाला अग्नी दिला होता आणि आठवड्याभरात विचारलं होतं, वसंता कुठाय? सगळ्यांनी मिळून सांगितलं. ते नव्यानं ऐकल्यासारखे कोसळले, कारण त्यांच्या बाजूनं ते नवंच होतं. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. मग विसरले. मग पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. त्यानंतर जेव्हा विचारलं तेव्हा सांगायला कुणाचीच जीभ उचलेना, आणि पुण्याहून आलेली जान्हवी, तिची आणि वसंताची लेक, आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाली की बाबा ड्युटीवर गेलेत. आजोबा पाणी प्यायले. तेव्हापासून वसंता ड्युटीवर होता. खोटं म्हणजे असं एकदम आकाशातून पडलं नव्हतं. फक्त सासऱ्यांसाठी होतं, ती ज्यांना बाबा म्हणे त्यांच्यापुरतं होतं. पण रोज कुणासाठी भाकरी थापावी तसं ते थापता थापता अरुंधतीला त्याची सवय लागली होती, आणि सवयीच्या पलीकडचंही काही. बाबांना 'ड्युटीवर आहेत' म्हणून ती आत वळायची तेव्हा स्वयंपाकघरापर्यंतची चार पावलं ती ड्युटीवर असलेल्या माणसाची बायको असायची. त्या चार पावलांत संध्याकाळ असायची, फाटकाची कडी असायची, बुटांचा वास असायचा. स्वयंपाकघरात पोचलं की सगळं संपायचं. पण चार पावलं मिळायची. आज मडक्यांच्या ढिगापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत केवढातरी लांब रस्ता तिला मिळाला होता, आणि तो तिनं सगळाच्या सगळा चालून घेतला होता, हे लक्षात आल्यावर तिला भीती वाटली. ड्युटीवर असलेल्या माणसाचा करा कसा भरणार?

दुपारी बाराच्या आत जोडी भरायची होती. जास्तीचा करा आणायला परत जाता आलं असतं. ती परत गेली नाही. जवळच्या वाटेनं न जाता बसस्थानकाच्या बाजूनं गेली, उगीच. लाउडस्पीकरवर कुणी नवीन मुलगा बोलत होता. जालना–जाफराबाद, राजूर-टेंभुर्णीमार्गे. त्याचा आवाज वाईट नव्हता, पण टेंभुर्णी म्हणताना तो घाई करायचा. वसंता टेंभुर्णी म्हणायचा तेव्हा ऐकणाऱ्याला तिथं एकदा तरी जावंसं वाटायचं. सव्वीस वर्षं त्यानं लोकांना गावं सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती भाजी आणायच्या निमित्तानं स्थानकापाशी यायची आणि फलाटाच्या कडेला उभी राहून ऐकायची. तो खिडकीतून तिला बघायचा, पण आवाजात जरासुद्धा फरक पडू द्यायचा नाही. फक्त राजूरच्या गाडीला एरवी नसलेलं एक 'कृपया' जास्तीचं लागायचं. त्या 'कृपया'साठी तिनं किती भाजी वाया घालवली असेल.

घरी बाबा ओसरीवरच होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायांत चपला. दोनच्या रीडिंगची तयारी ते नाश्ता झाल्यापासूनच करून बसत. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात त्यांनी उभी नोकरी एका पांढऱ्या लाकडी पेटीपाशी काढली होती. चार पायांवर उभी, चारी बाजूंनी झडपांची, आत हवा जाईल पण ऊन जाणार नाही अशी पेटी. आत दोन तापमापक शेजारी शेजारी. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचा तुकडा बांधलेला, तुकड्याला सुताची वात, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. तो ओला. बाबांच्या डोक्यातलं एकेक गळू लागलं, बायकोचं नाव, घराचा नंबर, सकाळ की संध्याकाळ, तरी दोनचं रीडिंग गळेना. दुपारी एकला उठायचे आणि स्टेशनकडे चालू लागायचे, बदनापूरची गाडी धरायला. ऐन वैशाखात, अनवाणीसुद्धा. स्टेशनवरून त्यांना परत आणता आणता वसंता थकला. मग एका सुटीत त्यानं जुन्या खिडक्यांच्या झडपा जमवल्या, पेटी ठोकली, पांढरा रंग दिला, अंगणात बरोबर उत्तरेकडे तोंड करून उभी केली, आणि बाबांना म्हणाला, बाबा, ऑफिस इकडं हलवलंय. त्या घरातलं पहिलं खोटं वसंताच बोलला होता. म्हणजे दुसऱ्या खोट्याला घराणं होतं.

रीडिंगचीही एक रीत ठरून गेली होती. बाबा आकडा सांगायचे, दुसऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि म्हणायचं, लिहिलं. हे ऐकल्याशिवाय बाबा जागचे हलायचे नाहीत. नोकरीत त्यांची तीच शिस्त होती. चुकीचा आकडा लिहिला गेला की तो कायमचा खरा होऊन बसतो, असं ते म्हणायचे. अरुंधतीजवळ ना कागद असे ना पेन. बाबांनीही कधी दाखव म्हटलं नाही. पेटीपाशी ती सून नसायचीच, कचेरीतली कुणी बाई असायची. बाबा तिला 'अहो' म्हणायचे, 'लिहा' म्हणायचे. ओसरीची पायरी चढली की पुन्हा 'अगं' सुरू. तिला गंमत वाटायची. सासऱ्यानं एवढ्या अदबीनं बोलवावं म्हणून उन्हात उभं राहायला तिची ना नव्हती.

जान्हवीचा फोन आला तेव्हा अरुंधती पुरण वाटत होती. फोन खांद्यात धरून ती ऐकत राहिली. आणलास का, एवढंच जान्हवी म्हणाली. काय ते म्हणाली नाही. अरुंधतीनं सांगितलं की जोडी आणली. थोडा वेळ पुण्यातला पंखा ऐकू आला. मग जान्हवीनं सुचवलं की जास्तीचा करा आणला तर आत भर, ओट्यावर, दार लोटून. आजोबांसमोर तीन दिसले तर ते मोजतील. ते बरोबर होतं. बाबा सगळं विसरले होते, पण मोजणं विसरले नव्हते. अरुंधती बघते म्हणाली. तुमच्याकडं हवा फार आहे का, जान्हवीनं विचारलं. हवा. ज्या घरात रोज उन्हाचं माप घेतलं जात होतं त्या घरात वर्षभर उन्हाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आज जरा जास्तच आहे, म्हणायचे. काहिली आहे, म्हणायचे. हवा बरी नाही, म्हणायचे. ऊन म्हणायचे नाहीत. वसंताला अटॅक आला होता. गल्लीत अटॅक, एसटीत अटॅक, दवाखान्याच्या कागदावर त्याचंच इंग्रजी. चालताबोलता गेला, देवमाणूस, असं म्हणून बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि अरुंधती मान हलवायची. अटॅकला कुणी विचारत नाही की तू कशाला आलास. उन्हाला विचारतात. एवढ्या उन्हात गेलाच कशाला, असं कुणीतरी विचारलंच असतं, आणि मग त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर ओसरीवर टोपी घालून बसलेलं होतं.

त्या दिवशी वसंताची सुटी होती. सकाळपासून बाबा पेटीपाशी अस्वस्थ. ओला खोटं बोलून राह्यला, म्हणत होते. बोअरच्या जड पाण्यानं वातीवर पांढरा थर धरला होता, वात पाणी ओढेना, आणि ओल्याचा पारा कोरड्याच्या बरोबरीनं चढला होता. अरुंधतीनं देवापुढची फुलवात काढून दिली. बाबांनी ती बघितलीसुद्धा नाही. तिनं जुन्या साडीचा पदर फाडून देते म्हटलं. नाही. ऑफिसची वात पाहिजे. वसंता हसत होता. जाऊन येतो, म्हणाला, दोनच्या आत, संघपालकडं असेल. संघपाल म्हणजे बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्यांच्या जागेवर असलेला. त्यानंच नंतर सांगितलं, दाराशी उभं राहून, आत न येता, की ताई, मी त्यांना म्हटलं, चारपर्यंत बसा दादा, सावलीत बसा. तर म्हणाले, दोनचं रीडिंग चुकलं तर म्हातारा मला मेमो देईल. निघताना अरुंधतीनं वसंताच्या पँटच्या खिशात कांदा घातला होता. उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्याच्या खिशात कांदा घालायचा, तिच्या आईनं घातला, तिनं घातला, कांद्यानं काय होतं ते कुणी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर एका बंद रसवंतीपाशी त्यानं मोटारसायकल सावलीत लावली, नीट स्टँडवर लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि लिंबाला टेकून बसला. येणारा-जाणारा बघत होता. लोकांना वाटलं, झोपलाय. किती वेळ वाटलं ते कुणी सांगितलं नाही. कपडे हातात आले तेव्हा तिनं खिसे बघितले, बायका बघतात. एका खिशात कांदा. तो अजून गरम होता. सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली वात, कोरी, पांढरीशुभ्र, सुताच्या वासाची.

ती वात तिनंच लावली. दिवस होऊन गेल्यावर एका दुपारी बाबा उठून पेटीपाशी गेले आणि ओल्याकडे बघत उभे राहिले. तिनं डब्यातून वात आणली, वसंताला बांधताना पाहिलं होतं तशी बांधली, टोक बाटलीत सोडलं. वातीनं पाणी ओढलं. पांढरा धागा खालून करडा होत होत वर गेला, अगदी सावकाश, आणि थांबेचना. फुग्यापर्यंत गेला, मलमल भिजली, तरी बाटलीतलं पाणी हलत राहिल्यासारखं तिला वाटलं. एवढी तहान. त्यानंतर बाटली भरायचं काम तिनं कुणाला दिलं नाही. आठ-आठ दिवस नळ यायचा नाही, कूलरच्या टाकीत पाणी घालावं की अंघोळ करावी असा प्रश्न पडायचा, पण बाटलीसाठी ती माठातलं पाणी घ्यायची. गार. वातीला गार आणि कोमट सारखंच असतं, हे तिला माहीत होतं.

जोडी भरली. गव्हाच्या राशीवर करा, शेजारी केळी, वर एकेक आंबा, पुढे पुरणपोळीचं ताट. बाबांनी मंत्र बरोबर म्हटले, मध्ये कुठं अडखळले नाहीत, बायकोच्या केळीवर फूल ठेवताना नाव मात्र आठवलं नाही म्हणून नुसते थांबले. अरुंधतीनं हळूच सुचवलं. त्यांनी ते घेतलं. मग हात जोडून बसून राहिले, मडक्यांकडे बघत. कोऱ्या मडक्यांतून पाणी पाझरून गव्हाचे दाणे खाली काळपट होत होते. बाबांची नजर कऱ्यावरून केळीवर गेली, केळीवरून पुढे, राशीच्या त्या बाजूला, जिथं काही नव्हतं, तिथं गेली आणि तिथंच राहिली. "झाले?" त्यांनी विचारलं. अरुंधती म्हणाली, झाले. त्यांनी मान हलवली नाही.

जेवल्यावर ती खोलीत जरा आडवी झाली. कूलर गरम हवेला ओलं करून अंगावर टाकत होता. उत्तरेकडे कुठं गारा झाल्या होत्या म्हणे. इथं पाऊस नाही, नुसती हवा जड झाली होती, घाम निघे आणि जाईचना. गादी गरम, उशी गरम, पालथी केली तर तीही बाजू गरम. गच्ची तर आता तव्यासारखी असणार. एकेकाळी त्याच गच्चीवर ते दोघं झोपायचे. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, फरशी चर्रर्र करायची, मग वाफेचा एक मातकट वास उठायचा. वसंता एक जुनी चादर पाण्यात पिळून आणायचा आणि दोघांच्या अंगावर टाकायचा. ती किंचाळायची, खालून सासूबाई खोकायच्या, मग दोघं तोंड दाबून हसायचे. वारा सुटला की चादर अशी गार पडायची की ती त्याच्या कुशीत शिरायची, उन्हाळ्यात, थंडीनं. तेव्हा त्यानं तिला ओल्याची गोष्ट सांगितली होती, बाबांकडून शिकलेली. कोरडा काय, नुसता ओरडतो. माणसाचं काय होणार ते ओला सांगतो. आपण सगळे ओले, त्यानं सांगितलं. अंगावर घामाची चादर असते, ती वाळते म्हणून आतलं माणूस गार राहतं. पाणी आहे, वारा आहे, तोवर माणूस कितीही ऊन काढील. चादर वाळेनाशी झाली किंवा भिजवायला पाणीच उरलं नाही, की मग? तिनं विचारलं होतं. मग काही नाही, तो म्हणाला, मग ओला कोरड्याएवढा. आणि तिच्या पोटावर ओल्या चादरीवरून हात ठेवून झोपी गेला. तो हात सुकायला किती वेळ लागायचा, हे तिला अजून सांगता आलं असतं. चादर कपाटात होती. तिनं ती वर्षभरात एकदाच भिजवली, खोलीतल्या खोलीत, दार लावून, आणि एकट्या माणसावर ती नुसती ओली चादर होती.

दोनला बाबा दारात उभे होते. ती छत्री घेऊन उठली. ओसरीची पायरी उतरली आणि ऊन समोरून कुणी हात लावून मागं ढकलावं तसं छातीवर आलं. अंगणात एकही आवाज नव्हता. लिंबावर कावळा चोच उघडून बसला होता, ओरडण्यासाठी नाही, नुसती उघडून. बाबा पेटीपाशी गेले, दाराची कडी रुमालानं धरून उघडली, मान बारीक वाकवली. छत्री त्यांच्या डोक्यावर धरताना तिचा स्वतःचा खांदा उन्हात राहिला.

"कोरडा. त्रेचाळीस पॉइंट दोन. लिहा."

त्रेचाळीस पॉइंट दोन, ती म्हणाली. लिहिलं.

"ओला." बाबा थांबले. आणखी वाकले. इतके की टोपी झडपेला लागून खाली पडली, आणि ती त्यांनी उचलली नाही. ओल्याचा पारा एरवीपेक्षा बराच वर होता, ते तिलाही दिसत होतं. बाबांनी बोट आत घातलं आणि वातीला लावलं. तसं ते कधी करत नसत; ओल्याला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम होता. बोटाला पाणी लागलं. ते त्यांनी अंगठ्यावर चोळून बघितलं.

ही वात कुणी आणली, त्यांनी विचारलं.

अरुंधतीच्या जिभेवर शब्द तयार होता. सकाळी बाजारात बोलून आलेला, अजून उबदार. तो म्हटला की बाबा मान हलवणार, ओल्याचा आकडा सांगणार, दोघं सावलीत जाणार, आणि ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंतची पावलं तिला मिळणार. संध्याकाळ मिळणार. तिनं तोंड उघडलं.

बाबा सरळ झाले. छत्री त्यांनी हातानं बाजूला सारली, रागानं नाही, दारातला पडदा सारतात तशी. ऊन त्यांच्या उघड्या डोक्यावर पडलं. विरळ पांढरे केस, त्यांखालची लालसर त्वचा, तिच्यावर घामाचा टिपूस नाही. छत्री तिनं पुन्हा पुढं केली, त्यांनी पुन्हा सारली. त्यांची नजर तिच्यावर होती, आणि ती कचेरीतल्या बाईकडे बघायची नजर नव्हती.

"अगं," ते म्हणाले, "वसंता वात आणायला गेल्ता. मी धाडलं. उन्हानं गेला पोरगा." आणि थोडं थांबून, "लिही."

ती उभी राहिली. बाबाही उभे राहिले. त्यांचे ओठ वाळलेले होते, मान किंचित हलत होती, पण पाय जमिनीत रोवल्यासारखे. आकडा परत म्हटल्याशिवाय ते हलणार नव्हते; कधीच हलले नव्हते. फरशीतून ऊन तिच्या चपलांच्या तळव्यातून वर येत होतं. बाटलीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं, वात ओढतच होती. बाबांच्या कानशिलावरची शीर उडताना तिला दिसली. आणखी थोडा वेळ, आणि हे म्हातारं माणूससुद्धा तिच्यादेखत इथं उभ्या उभ्या कोरडं होणार होतं, तिच्या एका शब्दासाठी. संध्याकाळ, फाटकाची कडी, बुटांचा वास. तिनं ते सगळं एकदा नीट बघून घेतलं.

"हे उन्हानं गेले, बाबा," अरुंधती म्हणाली. "लिहिलं."